मडकंभर आवाज

आवाज मडक्यात भरून आणता येतो का हो? वैजनगरच्या ठकू कुंभारणीला तो एका रात्रीत आणायचा होता. नाही आणला, तर कुंभारवाड्याला गाव सोडावं लागणार होतं.

त्याचं असं झालं. वैजनगरचा विमानतळ अपुरा पडू लागला. दूरदेशीच्या विमानांना उतरायला जागा मिळेना. ती आभाळातच घिरट्या घालत राहत आणि आतले पाहुणे भुकेनं कावत. तळ वाढवायला हवा, यावर दरबारात एकमत होतं. कुठल्या अंगाला, यावर भांडण होतं. पश्चिमेला प्रधान गुणवंतरावांची आमराई आणि सरदारांचे वाडे, पूर्वेला कुंभारवाडा. सरदार म्हणाले, विमानं पश्चिमेला आली तर आवाजानं आमची दुपारची झोप जाईल. नगरशेठ म्हणाले, मग पूर्वेला न्या. प्रधान म्हणाले, पूर्वेला आवाजाचा प्रश्नच येत नाही, तिकडे विमान भुंग्यासारखं गुणगुणत जातं.

"तुम्ही ऐकलंय?" राजा उग्रभानानं विचारलं.

"कुंभारवाड्यात जायचा योग आला नाही महाराज. पण तिकडून कधी तक्रारही आली नाही."

राजवाड्यावरून उडायला विमानांना मनाई होती, त्यामुळे राजानंही तो आवाज कधी ऐकला नव्हता. आणि जे आपण ऐकलं नाही ते नाहीच, असा त्याचा बाणा.

बातमी कुंभारवाड्यात पोचली तशी ठकू मातीचे हात धुऊन दरबारात आली. तिनं सांगितलं, की आत्ताही रोज घंटेच्या ठोक्याला विमान डोक्यावरून गेलं की चाकावरचं ओलं मडकं थरथरतं, दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. त्यात आणखी विमानं आली तर एकही मडकं भट्टीपर्यंत धड पोचायचं नाही. मग आम्ही खायचं काय?

"मग इतके दिवस तक्रार का केली नाहीस?" प्रधानांनी विचारलं.

"केली होती जी. दरबारचे कारभारी दारात आले होते, तेव्हा सगळं सांगितलं. पण तेवढ्यात वरून विमान गेलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. मान हलवून ते निघून गेले."

राजाच्या मिशा किंचित हलल्या. पण तो हट्टी होता. "राजा तक्रारीकडे जात नसतो, तक्रार राजाकडे येते," तो म्हणाला. "उद्या तो आवाज इथे दरबारात घेऊन ये, मग बघू."

"मडक्यात भरून आण हो," प्रधान म्हणाले. "तुझ्या घरी मडक्यांना काय तोटा!"

सगळा दरबार हसला. ठकू हसली नाही. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "आणते. फक्त दरबार दुपारच्या घंटेला भरवावा, आणि माझ्या वाड्यातल्या माणसांना आत येऊ द्यावं."

दुसऱ्या दिवशी कुंभारवाडा दरबारात आला. ठकूच्या बापानं संगमरवरावर गोणपाट अंथरून चाक मांडलं. शेजारची सोनाई रडकं नातवंड कडेवर घेऊन आली. त्यांच्या मागून वाड्यातलं खंड्या कुत्रंही आत शिरलं. पहारेकऱ्यांना त्याच्याबद्दल काही हुकूम नव्हता.

"मडकं कुठाय?" राजानं विचारलं.

"बाबा घडवतायत महाराज. भरेल एवढ्यात."

सोनाईला दरबाराचं काही कौतुक नव्हतं. घरून निघताना, बरोबर आलेल्या शेजारच्या धोंडूशी सुरू झालेलं भांडण तिनं इथंही चालू ठेवलं. धोंडूची कोंबडी तिच्या अंगणात येते, नासधूस करते, आणि धोंडू म्हणतो ती माझी नव्हेच. राजाही कान देऊन ऐकू लागला.

"तुझी नाही तर कुणाची? काल भर दुपारी तुझ्या कोंबडीनं माझ्या ओल्या माठात–"

बाहेर दुपारची घंटा झाली.

सोनाई तिथेच थांबली. तिचा हात नातवाच्या कानावर गेला. रडतं पोर गप्प झालं आणि त्यानं डोळे गच्च मिटले. ठकूच्या बापानं फिरतं चाक थांबवून दोन्ही तळव्यांनी मडकं धरलं. धोंडू छपराकडे बघत राहिला. खंड्या शेपूट पोटाशी घेऊन सरळ सिंहासनाखाली गेला. दरबारात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

थोड्या वेळानं बापानं हात काढले. चाक फिरू लागलं.

"–अंडं घातलं!" सोनाई म्हणाली.

"थांबा," राजा म्हणाला. "मघाशी गप्प का झालात?"

सोनाईला प्रश्नच कळेना. "विमान गेलं न्हवं?"

"इथून कुठलं विमान गेलं?"

सोनाईनं वर पाहिलं. नक्षीचं छत होतं, झुंबर होतं. "नाही गेलं?" तिनं धोंडूला विचारलं. धोंडूलाही नक्की सांगता येईना.

प्रधान उठून उभे राहिले. हे सगळं पढवलेलं नाटक आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं.

"माणसांना पढवता येतं, प्रधानजी," ठकू म्हणाली. "पण कुत्र्याला मी काय सांगणार? त्याला बाहेर या म्हणा."

प्रधानांनी खाली वाकून खंड्याला यू यू केलं. राजानं स्वतः चुचकारलं. खंड्या येईना.

"मग तूच सांग, तळ कुठे वाढवू?" राजानं विचारलं.

"आमराईकडे. प्रधानजींना तो आवाज भुंग्यासारखा वाटतो. विमानांना याहून चांगला शेजारी कुठं मिळणार?"

राजा हसायला लागला तो थांबेचना. प्रधानांनी आवाज होतो म्हणावं, तर कालचं बोलणं खोटं पडत होतं. राजानं नदीकाठची मातीची खाण कुंभारवाड्याला कायमची बहाल केली, ठकूच्या बापाचं ते ओलं मडकं दरबारासाठी मागून घेतलं, आणि तळ पश्चिमेला वाढवावा, विमानांनी मात्र उद्यापासूनच तिकडून उडावं, असा हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या घंटेला पहिलं विमान आमराईवरून गेलं, आणि इकडे रिकाम्या आभाळाखाली कुंभारवाड्यात सगळी माणसं बोलता बोलता गप्प झाली.