एकविसावी गाठ

"धान्य हवंय? मग ओळखून दाखव!" राजा धवलसेन सिंहासनावरून म्हणाला, आणि दरबारात खसखस पिकली.

समोर चाळीस मुलगे ओळीनं उभे होते. वीस हवेल्यांतले, वीस झोपड्यांतले. पण कोण कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं! सगळ्यांना उटणं लावून न्हाऊ घातलेलं, अंगावर सारखेच रेशमी अंगरखे, खांद्यावर सारखीच उपरणी. भेगाळलेल्या टाचा दिसू नयेत म्हणून पायांत मोजड्या. डोळ्यांत भूक दिसू नये म्हणून सकाळीच पोटभर पुरणपोळी! ही सारी करामत प्रधान भालजीपंतांची.

धान्य मागायला आली होती भडभुंज्याची मुलगी हौसा. तिच्या गल्लीतल्या बायका दळताना रोज एकेक मूठ पीठ बाजूला काढत आणि गरिबाघरच्या पोरांसाठी एक मोठं पातेलं चुलीवर चढवत. नगरातल्या नऊ गल्ल्यांत अशी नऊ पातेली होती. पण यंदा पीक बुडालं, मुठी लहान झाल्या. उद्या पातेल्यात घालायला काहीच उरलं नव्हतं.

"महाराज, फुकटचं म्हटलं की हवेलीतली पोरंही ताट घेऊन येतील," भालजीपंत म्हणाले होते. "खरा गरजू कोण, हे ही पोरगी कशी ठरवणार?"

"आम्हाला कळतं, पंत," हौसा चटकन बोलून गेली होती. "रोज वाढतो ना!"

तेच आता अंगाशी आलं होतं.

"कुणाला काही विचारायचं नाही, हात लावायचा नाही," राजानं बजावलं. "चुकलीस तर एक दाणा मिळणार नाही. काही हवंय?"

हौसानं ओळीवरून नजर फिरवली. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. पंतांनी तिच्या गल्लीतलं एकही पोर घेतलं नव्हतं. मग ती म्हणाली, "लाडू हवेत, महाराज. बुंदीचे. मुठीएवढे!"

"परीक्षा पोरांची आहे, तुझ्या पोटाची नव्हे!" भालजीपंत खेकसले. पण लाडवांची परात आली तशी त्यांची नजर तिच्यावरून हलेना.

प्रत्येकाच्या हातात एकेक लाडू पडला. हौसा खांबाला टेकून नुसती बघत राहिली. एकानं वरचे बेदाणे टिपून बाकीचा लाडू शेजाऱ्याला मारला. दुसऱ्यानं अर्धा खाऊन उरलेला मोजडीखाली चिरडला. पण काही मुलांनी जिभेला चव लागण्यापुरता कण खाल्ला, इकडंतिकडं पाहिलं आणि लाडू हळूच उपरण्याच्या टोकाला बांधला.

"झालं, महाराज! ज्याच्या घरी कुणीतरी वाट बघत बसलंय, त्याच्या घशाखाली अख्खा लाडू उतरत नाही. गाठी मोजा!"

शिपायानं मोजल्या. एकवीस!

"हरली!" भालजीपंतांनी टाळी पिटली. "वीसच होते, एक जास्त! चल, नीघ!"

हौसानं पुन्हा ओळ निरखली. शेवटी एक गोबऱ्या गालांचा मुलगा उभा होता. उपरण्याला गाठ होतीच, वर नजर सारखी भालजीपंतांकडं!

"महाराज, मला विचारायची बंदी आहे. तुम्हाला तर नाही ना? या शेवटच्या बाळाला विचारा, लाडू कुणासाठी?"

भालजीपंत एकदम खोकू लागले. पण राजानं विचारलंच.

"बाबांसाठी!" मुलगा खणखणीत म्हणाला. "वैद्यबुवांनी त्यांचं गोड बंद केलंय. ते म्हणतात, कुठंही लाडू मिळाला की गाठीला बांधून आण, आईला दिसू देऊ नको!"

"आणि तुझे बाबा कोण?"

मुलानं बोट दाखवलं. भालजीपंत खांबाआड सरकत होते!

"म्हणजे माझं चुकलं नाही, महाराज," हौसा म्हणाली. "याच्याही घरी कुणीतरी वाट बघतंयच की!"

राजा इतका हसला, की त्याचा शिरपेच कानावर आला. "जिंकलीस, पोरी! नऊही गल्ल्यांना दर अमावास्येला कोठारातून धान्य जाईल. वैद्यबुवांनी गोड बंद केलंय, तर पंतांना थोडं चालायलाही हवं, नाही का? मग पोती पोहोचवायला बैलगाडीबरोबर पंतच चालत येतील! आणि तुला काय देऊ?"

"मला ही परात द्या, महाराज. उरलेल्या लाडवांसकट!" हौसा परात उचलत म्हणाली. "आणि पंत, पोती घेऊन आलात की आमच्या पंगतीला बसा. आमच्याकडं गाठ बांधावी लागत नाही. घरच्यांनाही तिथंच वाढतो!"