कापलेले प्रश्न

एकदा एक माहितीपट काढणारी बाई होती. नाव शाल्मली. तिच्यामागे कुठली कंपनी नव्हती, पाठीशी कुणी शेठ नव्हता. होती ती तिघांचीच फौज. ती स्वतः कॅमेरा धरायची आणि प्रश्न विचारायची, निसार आवाज टिपायचा आणि गार्गी ते सारं कापून-जोडून चित्रपटाच्या आकारात आणायची. तिघांचं भांडण झालं नाही असा दिवस सहसा उगवत नसे, पण म्हणून कुणी कुणाला सोडून गेलं असंही कधी झालं नाही.

माणदेशातल्या एका गावी कोंडाबाई नावाची वृद्धा राहत होती. नवरा घोंगड्या विणायचा, ही लोकरीचं सूत कातायची आणि त्याला चिंचोक्याची खळ लावायची. नवरा गेला आणि माग थांबला. गावातला तो शेवटचा माग. शाल्मलीला वाटलं, या थांबलेल्या मागात एक चित्रपट आहे. वाटणं काही चूक नव्हतं.

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. कोंडाबाई बोलायची भरभरून: मेंढरांविषयी, सुनेविषयी, स्वतःच्या गुडघ्यांविषयी. पण नवऱ्याचा विषय निघाला, की "चांगला हुता मानूस" एवढं म्हणायची आणि दुसरंच काही काढायची. डोळ्यांत टिपूस नाही. शाल्मली कासावीस व्हायची. एका मोठ्या महोत्सवाने चित्रपटाचा थोडा भाग पाहून उरलेला मागितला होता, तारीख जवळ येत चालली होती, आणि ज्या क्षणाच्या आधारावर सगळं उभं राहायचं तो क्षणच हाती लागेना.

आणि शेवटच्या फेरीत, अगदी निघायच्या दिवशी, कोंडाबाई रडली. रिकाम्या मागावर हात ठेवून अशी हमसून हमसून रडली, की कॅमेऱ्यामागे शाल्मलीचेही डोळे भरून आले. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी भांडलं नाही. यावरूनच काय ते समजा.

पुढे काय झालं पाहा. पदराला अडकवायचा एक छोटा माइक असतो. बोलणारा तो विसरतो, आणि आवाजवालाही विसरला तर माइक आपला इमानाने चालूच राहतो. रडण्याच्या आदल्या दुपारी नेमकं तेच घडलं होतं. मंडळी जेवायला उठली आणि माइक कोंडाबाईच्या पदराला तसाच राहिला. घरी आल्यावर निसारला ते सापडलं. त्याने ते दोघींना ऐकवलं.

"अगं, ती पोरगी दर खेपंला त्येच इचारती," कोंडाबाई आपल्या जावेला सांगत होती. "मेलेल्या मानसावर किती येळा रडू मी? रडून रडून कवाच मोकळी झाले. पर लांबनं येत्यात बापडी, उन्हातानाची. रित्या हातानं कशी लावून द्यायची? उद्या टाकते रडून."

"यील का पर रडू?" जावेनं विचारलं.

"न याला काय झालं? मला काय रडायच्या कारनांचा तोटा हाय व्हय!"

झालं! तिघांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अश्रू खरेच आहेत," गार्गी म्हणाली. "ग्लिसरीन कुणी घातलं होतं? ठेवायचं."

"ठरवून रडली ती," निसार म्हणाला. "आणि हे आपण ऐकलंय तेही चोरून. यातलं काहीच ठेवता येत नाही."

शाल्मलीची मती गुंग झाली. म्हातारीने आपल्याला फसवलं म्हणावं, तर तिचा हेतू मायेचा. खरं म्हणावं, तर ते आदल्या दिवशी ठरलेलं. आणि खोटं म्हणावं, तर मग आपले डोळे का भरून आले? रागवायचं तरी कुणावर? काही केल्या उलगडा होईना. शेवटी ती आपल्या गुरूंकडे गेली. हे वृद्ध गृहस्थ जन्मभर चित्रपटांचं संकलन करत आले होते आणि शाल्मली व गार्गी दोघीही त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. त्यांना सारे नुसतं 'सर' म्हणत.

सरांनी ते रडणं पाहिलं, ते चोरटं बोलणं ऐकलं, आणि विचारलं, "यात तुझे प्रश्न कुठे आहेत?"

"कापले, सर. नेहमीच कापतो."

माहितीपटवाल्यांची ही रीतच आहे. समोरच्याला आधीच सांगून ठेवतात, की माझा प्रश्न तुमच्या उत्तरात घेऊन बोला. म्हणजे मागाहून प्रश्न काढून टाकता येतो आणि माणूस आपणहून मन मोकळं करतोय असं दिसतं. पडद्यावर विचारणारा कुणी उरतच नाही.

"जे कापलंस ते घेऊन ये," सर म्हणाले.

गार्गी आणि निसार सगळं मूळ चित्रण घेऊन आले. सर गार्गीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आता उत्तरं काढून टाक."

"कुठली?"

"सगळी. कोंडाबाईंचा एक शब्द ठेवू नकोस. चेहराही नको."

गार्गीने शाल्मलीकडे पाहिलं, शाल्मलीने निसारकडे. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला की काय! कोंडाबाईवरच्या चित्रपटातून कोंडाबाईच बाहेर? सल्ला विचारायला आलेल्या शाल्मलीची 'भीक नको पण कुत्रा आवर' अशी गत झाली. तारीख डोक्यावर, आणि इथे आहे तेही वजा होत चाललेलं. पण सरांपुढे बोलायची प्राज्ञा कुणाची?

गार्गीने कापलं. पडदा काळा झाला, आणि त्या अंधारातून एकटा शाल्मलीचा आवाज येऊ लागला.

"मालकांची आठवण येते का, आजी?"

"हा रिकामा माग बघून काय वाटतं?"

"घर खायला उठतं का?"

"शेवटी ते तुमच्याशी काय बोलले?"

"तेव्हा तुम्ही जवळ होतात?"

"आणि समजा, जवळ नसता, तर?"

शाल्मलीला तो आवाज आपला वाटेना. इतकी आर्जवं, इतकी घाई! ती अवघडून बसून राहिली. निसार आणि गार्गी जमिनीकडे पाहत होते.

"काय ऐकलंस?" सरांनी विचारलं.

"एकच प्रश्न, सर. शब्द फिरवून फिरवून तोच."

सर म्हणाले, "दारी आलेल्याला काय हवंय ते यजमानाला ओळखता येतं. कुणी पाणी मागतो, कुणी भाकरी. तू अश्रू मागत होतीस. तिने ते वाढले. ती खोटं बोलली नाही, शाल्मली, तिने आतिथ्य केलं. असत्य असेल तर ते आपल्या संकलनाच्या टेबलावर घडलं. आपण मागणाऱ्याचा आवाज कापून टाकला आणि लोकांना भासवलं, की बाई आपणहून रडली."

"मग आता टाकून देऊ सगळं?"

"ते मला नको विचारूस. जिचे अश्रू आहेत तिला विचार." आणि वर ते म्हणाले, "उत्तरं ऐकून सांगणारा कळतो. प्रश्न ऐकले की विचारणारा कळतो."

शाल्मली बाहेर पडली ती अर्धीमुर्धीच समजून. पहिला भाग मनाला लागला होता, पटलाही होता. दुसऱ्याचा अर्थ काही केल्या लागेना.

तरी ती निसारला घेऊन गावाला गेली. कोंडाबाईपुढे बसली आणि माइकची चूक कबूल करून ते बोलणं तिला ऐकवलं. कोंडाबाईने पदर तोंडाशी नेला.

"अगं बया! ह्ये बी घावलं व्हय त्यात?" आणि ती खळाळून हसली. "म्हंजी माझं रडनं पान्यात गेलं म्हन की!"

"नाही, आजी. तुम्ही सांगाल तसं करीन. नको म्हणालात तर पुसून टाकते."

"पुसतीस कशाला? ऱ्हाऊ दे. जावंचं बी ऱ्हाऊ दे, तिला लई हौस हाय."

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. सरांचं बोलणं अजून डोक्यात घोळत होतं. तिने कॅमेरा निसारच्या हाती दिला, कोंडाबाईच्या पदराला लावायचा माइक आपल्याच कुर्त्याला अडकवला आणि म्हणाली, "आजी, आज तुम्ही विचारा. मी सांगते."

कोंडाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "तुजं कोन गेलंय गं, पोरी?"

शाल्मलीचा हात कुर्त्यावरच्या माइककडे गेला. निसारने यंत्र बंद करायला हात पुढे केला. तिने मानेनेच नको म्हटलं.

"बाबा," ती म्हणाली. "मी शूटिंगवर होते, आजी. जवळ नव्हते."

कोंडाबाईने पुढचा प्रश्न विचारला नाही. ती सरकून जवळ बसली आणि शाल्मलीला हवं तितका वेळ रडू दिलं.

महोत्सवाची तारीख उलटून गेली. चित्रपट सावकाश पुरा झाला, आणि त्यात विचारणारीचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येतो.

आपणही चारचौघांच्या घरी जाऊन बरंच काही विचारत असतो. त्यातलं थोडं कधी आपल्या कानांनी ऐकून पाहावं.