अनानची धोंड

अनाऽऽन! आईबरोबर मामाच्या गावाला निघालो होतो, तेव्हा खाडीवरून हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आई म्हणाली, "आली बघ होडी." होडी तर अजून पलीकडच्या काठाला होती.

तुम्ही होडीची वाट बघत ज्या खडकावर बसला आहात, ती अनानची धोंड. आमच्या वेळणे गावचा नावाडी हाकेला 'आलो' म्हणत नाही, 'अनान' म्हणतो. त्याचं असं सांगतात.

फार पूर्वी खाडीच्या तोंडाशी एक गलबत फुटलं. त्यातला एक गोरा खलाशी धाकू नावाड्याला सापडला. बरा झाल्यावर तो धाकूचीच होडी वल्हवू लागला. पलीकडून हाक आली की आपल्या भाषेत 'अनान' ओरडायचा आणि लगेच निघायचा. लोक समजले, म्हणजे 'आलो'. धाकूच्या लेकीचा, यमुनेचा, त्याच्यावर जीव जडला.

एके सकाळी समुद्रात त्याच्या मुलखाचं जहाज दिसलं. आईची काही खबर मिळते का बघतो, असं खुणेनं सांगून तो लहान होडीतून निघाला. यमुनेनं या धोंडीवरून विचारलं, "येशील ना?"

पाण्यावरून उत्तर आलं, "अनान!"

जहाज गेलं. तो आला नाही.

धाकूनंतर वल्हं यमुनेनं घेतलं. हाक आली की 'अनान' म्हणायची आणि त्याच दमात निघायची. बायका चिडवायच्या, "यमुने, तुझा अनान वाटेत झोपला की काय गो?"

ती म्हणायची, "भरती चुकली असेल. जातो म्हणाला नाही तो."

तिचे केस पिकले तेव्हा मराठी जाणणारा एक म्हातारा गोरा पाद्री तिच्या होडीतून आला. धोंडीपाशी उतरल्यावर तिनं त्याला त्या शब्दाचा अर्थ विचारला.

"फार जुना शब्द, बाई," तो म्हणाला. "आधी त्याचा अर्थ होता, याच क्षणी. पण माणसं तो म्हणायची आणि उशीर करायची. होता होता अर्थच झाला, थोड्या वेळानं. आता आमच्याकडे तो कुणी म्हणतसुद्धा नाही."

"तो गेला तेव्हा कुठला अर्थ होता?"

तेवढ्यात पलीकडून दिवसाची शेवटची हाक आली. यमुना 'अनान' म्हणाली नाही. नुसती होडीत जाऊन बसली आणि वल्हं मारू लागली.

आजही आमचा नावाडी दिवसभर 'अनान' म्हणतो. शेवटच्या हाकेला मात्र तो शब्द देत नाही, जातो.

ऊन उतरलं. ऐका, पलीकडे कुणी हाक मारतंय. हा बघा आमचा बाबल्या नावाडी उठला. वल्हं खांद्यावर घेतलं, आणि काही न बोलता निघाला.