खडूची पावलं

"चाचा, हिचं नाव काढून टाकू ना मग?"

केतकीने हे विचारलं स्क्वॉशच्या भर कोर्टात, आणि तेही सुगंधाच्या देखत. बारा वर्षांची सुगंधा रॅकेट छातीशी धरून खाली बघत राहिली.

इस्माईलचाचा बाकावर बसून एका रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत होते. या क्लबात त्यांनी चाळीस वर्षं स्क्वॉश शिकवला. केतकीच्या हातात पहिली रॅकेट त्यांनीच दिली. पुढे ती राज्यात पहिली आली आणि तिची मान जी ताठ झाली, ती काही पुन्हा वाकली नाही.

"काय चुकलं तिचं?"

"उजवीकडे म्हटलं की ही डावीकडे पळते! चार महिने झाले, चाचा. बाकीच्या पाच जणी शिकल्या की!"

केतकी आता एका विशेष शाळेतल्या या सहा जणींना शिकवत होती; त्यांना शिकायला इतरांपेक्षा वेळ लागे. कुणाची अक्षरं उलटी पडत, कुणाचे आकडे हरवत. रविवारी अशा शाळांचे सामने होते. प्रत्येक शाळेची एकच जोडी, एक ताई आणि एक मुलगी. दोघींनी आळीपाळीने भिंतीवर चेंडू मारायचा, जास्त वेळ चालवेल ती जोडी जिंकणार. चिठ्ठीत सुगंधाचं नाव निघालं होतं आणि ते बदलायला संध्याकाळपर्यंत मुदत होती.

"आणि ही जमीन बघा! बूट पांढरे दिसावेत म्हणून खडू घासून आलीय बाईसाहेब."

केतकीने फडकं उचललं.

"थांब. पुसू नको."

चाचा गुडघ्यावर हात टेकत उठले. लाकडी जमिनीवर पांढरी पावलं उमटली होती. सगळी मधल्या रेघेपासून निघालेली, सगळी डाव्या कोपऱ्यात पोचलेली.

"आज काय सांगत होतीस तिला?"

"उजवीकडे! सकाळपासून एवढं एकच. दहा वेळा."

"आणि दहाही वेळा ती इथंच आली?"

"दहाही वेळा!"

"वाट चुकलेला माणूस दहा वेळा एकाच घरी पोचतो काय गं?"

केतकीच्या हातातलं फडकं खाली आलं.

"तू कुठं उभी होतीस?"

"तिथे. भिंतीला पाठ करून, यांच्याकडे तोंड करून. नेहमीसारखी."

चाचांनी तिला सुगंधाच्या जागी उभं केलं. स्वतः जाऊन भिंतीला पाठ लावली, उजवा हात लांब केला आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की कडेला उभ्या बाकीच्या पाचही मुली दचकल्या.

"उजवीकडे!"

केतकी झेपावली... आणि अडली. चाचांचा हात तिच्या डाव्या कोपऱ्याकडे होता.

"तुमच्या... की माझ्या?"

चाचांनी हात तसाच ताणलेला ठेवला.

सुगंधा खुदकन हसली.

"ताई, मी पण पहिल्या दिवशी हेच विचारलेलं! तुम्ही म्हणालात, प्रश्न नकोत, माझ्या हाताकडं बघ. मी हाताकडंच बघते की."

"आणि बाकीच्या गं?" चाचांनी विचारलं.

"त्या मैथिलीच्या मागं पळतात. ती हात बघतच नाही, नुसतं ऐकते."

पाचांतल्या मैथिलीने ताबडतोब जीभ चावली.

केतकीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. चार महिने पोर शब्दाबाहेर गेली नव्हती आणि आपण तिलाच बोल लावत होतो. लाज वाटली, चांगलीच वाटली. ती सुगंधाच्या शेजारी येऊन उभी राहिली. आता दोघींची तोंडं भिंतीकडे. तिने न बोलता उजवा हात लांब केला. सुगंधानेही केला. दोन्ही हात एकाच कोपऱ्याकडे!

चाचांनी चेंडू टाकला.

थप्प! सुगंधा. थप्प! केतकी. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे! थंड चेंडू तापला, उसळू लागला. जमिनीवर खडूची पावलं चहूकडे उमटू लागली, जणू कुणी रांगोळीत फुगडी घालतंय. कडेच्या पोरी घसा ताणून मोजू लागल्या.

"अठ्ठावीस! एकोणतीस! एकोणचाळीस! एकोणपन्नास!"

मधले आकडे हरवले, तरी कुणी त्यांना थांबवलं नाही. केतकीला तर आपण शिकवायला आलोय हेच आठवेना. लहानपणी खेळायची तशी ती खेळत होती, हसत, ओरडत, धापा टाकत.

"शंभर! दोनशे!"

खण्ण!

चेंडू भिंतीच्या तळाच्या पत्र्यावर आदळला. चुकली होती केतकी. राज्यात पहिली आलेली.



"असू दे, ताई," सुगंधा म्हणाली. "होतं असं. परत मारू."

केतकीने तिला कवेत घेऊन गरकन फिरवलं. मग चाचांकडे धावली. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"चाचा, ठरलं! नाव नाही काढत. रविवारी मी हिलाच नेते!"

चाचा बाकावर बसले. अर्धी राहिलेली पट्टी त्यांनी पुन्हा मुठीला गुंडाळायला घेतली.

"तिला विचार," ते म्हणाले. "ती तुला नेते का ते."