अप्पांचा उजवा हात

“मग माणसानं करायचं तरी कुठवर, अप्पा?”

मठाच्या परसात, पेरूच्या सावलीत अप्पा बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून तो हात हलत नव्हता.

समोर सतरंजीवर शैलजा सिस्टर. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली बाई. भाऊ अकाली गेला, तेव्हा त्याच्या मुलीला, महानंदाला, त्यांनी आपल्या घरी आणलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. पोरीला शिकवलं, उजवलं, तिची दोन्ही बाळंतपणं केली. आणि तीच महानंदा, गावातच सासर असून, चार महिन्यांत फिरकली नव्हती.

“मी काय कमी केलं तिचं? आणि आयुष्यात कुणाकडून काही घेतलं नाही मी. कुणाच्या घरचा चहासुद्धा नाही. गावात आहे असं दुसरं कुणी?”

“नाही. तुमच्यासारखं कुणी नाही.”

सिस्टरांना बरं वाटलं.

“त्या वाडग्यात सूर्यफुलाच्या बिया आहेत,” अप्पा म्हणाले. “थोड्या या हातावर ठेवा.”

सिस्टरांनी चिमूटभर बिया त्या निर्जीव तळहातावर ठेवल्या.

पेरूवरून एक पोपट उतरला. अप्पांच्या खांद्यावर टेकला आणि तिरका तिरका चालत मनगटापर्यंत गेला. एक बी उचललं, चोचीत फिरवलं, टरफल टाकलं. मग दुसरं. पोट भरल्यावर भुर्रकन उडून गेला.

“उपकार झाले रे बाबा,” अप्पा त्याच्याकडं बघत म्हणाले.

सिस्टरांना हसू आलं. “खाऊ घालता तुम्ही, आणि उपकार त्याचे?”

“चाळीस वर्षं या परसात मुठी भरभरून बिया उधळल्या, सिस्टर. पाखरं यायची, पण मी आत गेल्यावर. हात धड होता तोवर एकही जवळ आलं नाही... हात पडला. जेवण दुसऱ्यानं भरवायची वेळ आली. मग ही अंगाखांद्यावर यायला लागली.”

अप्पांनी डाव्या हातानं एक बी उचललं, दातानं फोडलं आणि आतला पांढरा दाणा सिस्टरांपुढं धरला.

“घ्या.”

“नको, मला कशाला...”

सिस्टर मध्येच थांबल्या.

येळवशीच्या सणाला महानंदा डबा घेऊन आली होती. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. तेव्हाही हेच शब्द तोंडून गेले होते. मला कशाला? घरी पोरांना दे. पोर पायरीवर उभी राहिली होती. “आत्या, पहाटे उठून तुझ्यासाठी केलंय.” आणि आपण दार लोटून घेतलं होतं.

चार महिने झाले त्याला.

अप्पांचा हात तसाच पुढं होता.

सिस्टरांनी तळहात पुढं केला. दाणा तोंडात टाकला. एवढासा दाणा... पण चावता चावता डोळे भरून आले.

“खोटं बोलले मी, अप्पा.”

“काय?”

“कुणाकडून काही घेतलं नाही म्हणाले ना, ते. पहिल्या नोकरीत मला टायफॉइड झाला होता. सुगलाबाई नावाची आया होती. एकवीस दिवस तिनं मला मांडीवर घेऊन पेज भरवली. नोकरीच गेली असती... जीवच गेला असता. तिला मी कधी आभाराचे दोन शब्दसुद्धा बोलले नाही.”

पदरानं डोळे पुसले, तरी ते पुन्हा भरत होते. त्यांनी अप्पांच्या त्या पडलेल्या हातावर कपाळ टेकवलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा चेहरा हलका झाला होता.

“जाते महानंदाकडं. आत्ताच. तिला साडी नेऊ का, अप्पा? पोरांना काही?”

“काही नेऊ नका.”

“मग दारात उभी राहून तिला काय सांगू?”

अप्पांनी वर पेरूकडं पाहिलं...

“भूक लागलीय म्हणा.”