सतरावी पालवी

फार फार मागची गोष्ट. एका सागाच्या झाडाखाली, हातभर खोल मातीत, शंभर किडे राहत होते. झाडावर बसून किर्र ओरडतात ना, तेच. फक्त अजून पंख न फुटलेले. मुळांतला रस प्यायचा आणि वाट पाहायची, एवढंच त्यांचं काम. सतरा वर्षं भरली की साऱ्या रानातले किडे एकदमच वर येत. इतके, की पाखरं खाऊन खाऊन दमत आणि तरी पुष्कळ उरत.

या शंभरांत वर्षं मोजायचं काम एकाकडे होतं. झाडाला पालवी फुटली की रस गोड लागे. तसा तो लागला की हा एक वर्ष धरी. बाकीचे निर्धास्त होते, आणि मोजणाऱ्याला त्याचा भारी तोरा होता.

सोळाव्या वर्षी पालवी फुटली आणि नेमक्या याच झाडावर अळ्या पडल्या. त्यांनी झाड पार ओकंबोकं केलं. महिनाभरात त्याला पुन्हा पालवी आली. रस पुन्हा गोड झाला.

"सतरा झाली! चला वर!" मोजणारा ओरडला.

सगळ्यांत शेवटी अंड्यातून निघालेली धाकटी चाचरत म्हणाली, "दादा, मधे उन्हाळा कुठे झाला? माती तापलीच नाही. शेजारच्या झाडाखाली विचारून येऊ का? दोन दिवसांचं तर उकरणं आहे."

मोजणारा चपापला. माती तापली नव्हती, हे त्यालाही जाणवलं होतं. पण सगळे ऐकत होते.

"सोळा वर्षांत माझं कधी चुकलंय? आता शेजाऱ्यांना विचारत फिरू? भीती वाटत असेल तर तू बस खालीच!"

सगळे हसले. धाकटी ओशाळली आणि मुकाट्यानं त्यांच्यामागून निघाली.

संध्याकाळी शंभर किडे खोडावर चढले. त्यांनी कात टाकली आणि ओले पंख पसरले. रानात दुसरं कोणीच आलं नव्हतं. सकाळी पाखरं आली. शंभर किडे फस्त करायला असा कितीसा वेळ लागणार? धाकटीचे पंख अजून नीट वाळलेही नव्हते.

मोजणारा तेवढा सालीच्या फटीत शिरला म्हणून वाचला. तीन दिवस तो जिवाच्या आकांतानं ओरडत राहिला. कुठूनही ओ आली नाही. चौथ्या दिवशी मुंग्या त्याला ओढून घेऊन गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यानंतर सारं रान किर्र आवाजानं दणाणून गेलं. त्या सागाच्या बुंध्याशी मात्र शंभर जुनी भोकं होती, पावसानं बुजत आलेली.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या शब्दावर इतरांचे जीव अवलंबून असतात, त्यानं "मला नक्की माहीत नाही" म्हणायला लाजू नये.