मालकांच्या खिशातलं पेन

शिरोलीच्या फाउंड्रीत लाखाचं सॉफ्टवेअर येऊन तीन महिने झाले, तरी लोक आपले कागदी चिठ्ठीवरच माल उचलत होते. मालक मगदूम सॉफ्टवेअर शिकवायला नेमलेल्या रेहानावर भडकले.

"रेहाना, आठ दिवसांत सगळे कॉम्प्युटरवर दिसले पाहिजेत. नाहीतर तू गाशा गुंडाळायचा!"

स्टोअर सांभाळणाऱ्या बाळू लोहाराला वाटलं, पोरीची नोकरी गेली.

रेहाना शांतपणे म्हणाली, "मग तुमच्या खिशातलं पेन आठ दिवस मला द्या."

"पेनाचा काय संबंध?"

"चिठ्ठीवर तुमची सही मिळतेय साहेब, तोवर कॉम्प्युटरकडं कुत्रं तरी फिरकेल का?"

मालकांनी मुकाट्यानं पेन काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरपुढं ही रांग! आत मालक स्वतः एका बोटानं मंजुऱ्या देत बसलेले. बाळूचा मळलेला तंबाखू हातातच राहिला.